राजकुमाराची शिलाई

हिंगण्याच्या कारखान्यात मी सुट्या भागांची मापं तपासतो आणि जाता-येता कंपनीच्या बसमध्ये राजकुमारांच्या प्रेमकथा वाचतो. दोन्ही कामं सारखीच मन लावून करतो. या कादंबऱ्या इंग्रजीत असतात, जाडजूड असतात आणि त्यांतला राजकुमार दुसऱ्या पुरुषाच्या प्रेमात पडलेला असतो. तो दुसरा कधी अंगरक्षक, कधी शेजारच्या देशाचा युवराज, कधी राजवाड्यातल्या घोड्यांचा डॉक्टर. हे काय वाचतोस, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. लोकांनी वर्षानुवर्षं सासू-सुनांच्या मालिका पाहायच्या आणि मी माझ्या राजकुमारासाठी कारणं द्यायची, हा कुठला न्याय.

राजकुमारच का, याचं उत्तर मात्र मी स्वतःपुरतं शोधलं आहे. राजकुमाराचं लग्न त्याच्या एकट्याचं नसतं. आई, आजी, मंत्री, अख्खा देश त्यात नाक खुपसतो. आमच्याकडे तरी वेगळं काय असतं? आमच्या घरात गादी म्हणजे कापसाची, अधूनमधून पिंजून घ्यायची. पण अडतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलाचा विषय निघाला की भिवापूरची आत्या फोनवरूनच दरबार भरवते.

त्या उन्हाळ्यात तिने एक स्थळ आणलं. बारा वर्षं मी या ना त्या कारणाने नाही म्हणत आलो होतो, पण आई गेल्यापासून बाबा थकले होते. माझ्यामागं तुले कोण, असं विचारून त्यांनी आत्याला परस्पर होकार कळवला. मंडळी रविवारी बघायला येणार होती. त्याआधी बाबांना खरं सांगायचं, असं मी सोमवारी ठरवलं. मंगळवारी परत ठरवलं. बुधवारीही ठरवलंच.

खरं म्हणजे पारशिवनीचा तो. बारा वर्षांपासून तो दर रविवारी मोटरसायकलवर आमच्याकडे येतो. हिवाळ्यात शेतातल्या तुरीच्या शेंगा आणतो, बाबांच्या चष्म्याचा सैल स्क्रू घट्ट करून देतो, जेवतो, दुपारी जातो. बाबा त्याला माझा मित्र म्हणतात. मीही मित्रच म्हणत होतो, आणि प्रत्येक वेळी मला स्वतःची लाज वाटायची. त्या वेळी मी जी कादंबरी तिसऱ्यांदा वाचत होतो, ती त्यानेच दिली होती. पहिल्या पानावर त्याने आमच्या दोघांची नावं लिहिली होती, त्याचं आणि माझं, एकाखाली एक.

कव्हरवर राजकुमार आणि घोड्यांचा डॉक्टर एकमेकांच्या मिठीत. बसमध्ये ते कसं चालायचं? म्हणून मी त्यावर खाकी कागद चढवला, आणि तो सरकू नये म्हणून पाठीला भरपूर डिंक लावून पक्का चिकटवला. इथेच चुकलो. माझे वडील तेहतीस वर्षं एका ग्रंथालयात बाइंडर होते. पुस्तकाची पाठ डिंकाने जखडली की ते उघडताना मोडतं, हे आमच्या घरात मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. बाइंडरच्या मुलाने असं काम करावं, म्हणजे दिव्याखाली अंधार. नागपूरच्या उन्हाने डिंक कडक झाला, पाठ तडकली आणि पानं सुटायला लागली.

गुरुवारी पहिली पाळी संपवून घरी आलो तर बाबा पुढच्या खोलीत सतरंजीवर बसले होते. खाकी कागद सोलून बाजूला ठेवलेला, कव्हर उघडं आणि माझी कादंबरी सुट्या पानांचा गठ्ठा होऊन त्यांच्या मांडीसमोर. कपाटात डिक्शनरी शोधताना हाती लागलं म्हणाले. मी काही बोलणार तोच त्यांनी मला झापलं, पण ते डिंकावरून. पाठीला इतका डिंक कोणी लावते का, माझ्या घरात राहून एवढं बी नाही शिकला. मग म्हणाले, शनिवारपर्यंत बांधून देतो.

बाबांचा एक नियम होता. बांधायचं पुस्तक वाचायचं नाही. वाचत बसलो असतो तर तेहतीस वर्षांत तेहतीसच पुस्तकं बांधली असती, असं ते सांगत. पाठीवरची नावं वाचून वाचून ते इंग्रजी शिकले, पण आत कधी शिरले नाहीत. हा नियम आठवून मी धीर धरला. तरी पहिल्या पानावरची दोन नावं त्यांना दिसणार होतीच.

शुक्रवारी बसमध्ये हात रिकामे होते. जेवणाच्या सुट्टीत पारशिवनीला फोन करून त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, मी येऊ का? मी नको म्हणालो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाबांच्या शेजारी डिक्शनरी उघडी होती आणि निम्मा गठ्ठा पालथा पडला होता. त्यांनी वर पाहिलं नाही. भाजी झाकून ठेवली आहे, एवढंच सांगितलं.

शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी बाबांनी कूलर बंद केला आणि मला समोर बसवलं. सुटी पानं आठ-आठच्या जुडग्यांनी शिवून झाली होती, पाठ गोल झाली होती, वर लाल रेक्झिन चढलं होतं. कूलरच्या हवेनं पानं उडाली, ती लावायसाठी वाचा लागलं, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी पुस्तक उघडून पाहिलं. प्रत्येक पानावर आकडा ठळक छापलेला होता. मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं.

"एक सांग मले," बाबा म्हणाले. "त्या राजाले आपल्या पोराचं सारं आधीपासून मालूम होतं, असं शेवटी लिहिलं हाये. मंग पोरानं चारशे पानं काहून घालवले?"

"त्याले भेव वाटत होतं, बाबा."

"बापाचं?"

"हो."

त्यांनी रेक्झिनवरून अंगठा फिरवला. "बाप बी भेतच होता," ते म्हणाले. "पोरगं सांगून मोकळं झालं, तर आपल्याले काय बोलाचं, हे बापाले कुठं येते."

मला रडू आलं आणि मी रडलो. बाबांनी मला रडू दिलं. मग उठून त्यांनी भिवापूरला फोन लावला. आत्या तिकडून बरंच बोलत होती. बाबा फक्त म्हणाले की उद्या मंडळींना आणू नको, आणि यापुढेही कोणाला शब्द देऊ नको; का, ते मी तुला मागाहून येऊन सांगीन. आत्या रागावली हे मला इथपर्यंत ऐकू येत होतं. ती आजही पुरती निवळलेली नाही.

फोन ठेवून त्यांनी कपाटातून पितळी अक्षरांची पेटी काढली. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी दिलेली ती पेटी फार कमी वेळा निघते. अक्षर गॅसवर तापवायचं, सोनेरी पट्टीवरून पाठीवर दाबायचं. वर पुस्तकाचं नाव येतं आणि अगदी खाली, ज्याचं पुस्तक त्याचं पहिलं अक्षर. हा त्यांच्या हाताचा रिवाज. वरचं नाव उमटवून झालं. माझं अक्षर त्यांनी न विचारता काढलं, तापवलं, दाबलं.

मग पेटी माझ्यासमोर सरकवली. त्याचं नाव बाबांना बारा वर्षांपासून पाठ होतं, पहिल्या पानावरही त्यांनी ते वाचलं होतं.

"अजून एक राहिलं," ते म्हणाले. "कोणतं टाकू? तू सांग."

आणि मी सांगितलं.