पुलाखालची त्रेपन्न मिनिटं

काट्याने हायवेच्या पुलाखाली बाई ठेवली आहे, ही बातमी माझ्या कानावर आली तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आमच्या गल्लीत वर्षभर गळक्या नळांशिवाय विषय नव्हता. ती बातमी एरवी या टोकापासून त्या टोकाला पोचायला दोन दिवस लागले असते. मी हात लावला म्हणून संध्याकाळच्या आत पोचली.

रविवारी सकाळी पुलाखाली त्याची गाडी उभी असते म्हणे, आणि ती तिथे येते. कुणी म्हणालं नर्स आहे, कुणी म्हणालं शिक्षिका. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने तर तिच्या छत्रीचा रंगही सांगितला. पुलाखाली छत्री कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. चांगल्या बातमीला असले प्रश्न विचारायचे नसतात.

काटा माझ्या डोक्यावर राहायचा, म्हणजे वरच्या मजल्यावर. घड्याळातला काटा जसा कुणासाठी थांबत नाही तसा हा, म्हणून ते नाव. हॉस्पिटलची व्हॅन चालवायचा. डायलिसिसचे सहा पेशंट सकाळी घरून उचलायचे आणि दुपारी घरी सोडायचे, सोमवार ते शनिवार. व्हॅनचा वेग कधी चाळिसाच्या वर गेला नाही. एक आजोबा म्हणायचे, "या गाडीत बसलं की आयुष्य वाढतं, कारण संपायला वेळच मिळत नाही." खड्डा आला की काटा आधी सांगायचा, "धरा," मग व्हॅन त्यातून अशी काढायचा की मांडीवरचा डबा हलू नये.

आणि हाच माणूस रविवारी वेगाच्या गुन्ह्यात सापडायचा. एका मोसमात तीनदा.

त्याचं कारण मोटारींच्या शर्यती. दीडशे किलोमीटरवर जुन्या धावपट्टीचा ट्रॅक केला होता. तिथल्या मनोऱ्यात काटा स्टॉपवॉच घेऊन बसायचा. वेळ मोजायला यंत्र होतं, पण नियम असा की हाताने वेळ मोजणारा, परवाना असलेला एक माणूस सव्वानऊच्या आत सही करून हजर पाहिजे. तो नसेल तर शर्यत होते, निकाल मात्र नोंदला जात नाही. मी त्याच मैदानावर लाउडस्पीकरवर बोलायचो, घसा बसेपर्यंत. म्हणून सांगतो, त्या मनोऱ्यात खरी जोडी दोघांची होती. काटा बटण दाबून वेळ सांगायचा आणि त्याची बायको फेऱ्यांच्या तक्त्यात लिहायची. वहिनींच्या तक्त्यात खाडाखोड मी कधी पाहिली नाही. लग्नाआधीही दोघं असंच बोलायची म्हणे, आकड्यांत.

मग वहिनींचा मणका गेला. ऑपरेशन झालं, दुसरं झालं, आणि त्या जिन्याने वर गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. कमरेखाली काही उरलं नाही, उजवा हातही गेला. डावा हात तेवढा चांगला राहिला. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा पगारी बाई होती, बाकीचे तास काट्याचे. चार वर्षं तो सलग दोन तासांहून जास्त झोपला नव्हता. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे म्हणायचे, "कमाल आहे हो त्याची." कमाल आहे म्हटलं की आपल्याला वर जावं लागत नाही.

शर्यती सोडतो म्हणाला तेव्हा वहिनींनीच त्याला झापलं.

"तुम्ही सोडा. माझं काय? मी कुठलं लिहू?"

तेव्हापासून वहिनींची थोरली बहीण, ताई, शर्यतीच्या रविवारी सातच्या बसने यायची. ताई दारात, काटा जिन्यात. मनोऱ्यातून तो फोनवर वेळा सांगायचा आणि वहिनी पलंगावर आडव्या, फळीला कागद लावून, डाव्या हाताने तक्ता भरायच्या. आठवडाभर मग तो तक्ता भिंतीवर.

सातला निघून सव्वानऊला पोचायचं, तर नियमाने गेलं तरी जेमतेम अर्धा तास हाताशी राहतो. दुसऱ्याला पुरला असता. काट्याला अर्धा तास म्हणजे उशीरच. पंक्चर झालं तर? पुढे ट्रक आडवा पडला तर? म्हणून तो दामटायचा. हायवेवर साठ किलोमीटरच्या पट्ट्यात दोन कॅमेरे आहेत, एक सुरुवातीला, एक शेवटी. दोन्हींमधल्या वेळेवरून ते सरासरी काढतात. मर्यादा नव्वदची. तीन रविवार, तीन नोटिसा, दर नोटिशीला लायसन्सवर तीन दोषगुण. नऊ झाले. बाराला लायसन्स वर्षभर जप्त. लायसन्स गेलं की व्हॅन गेली, व्हॅन गेली की दिवसाची बाई गेली, आणि मग वहिनींना कुठल्या तरी संस्थेत ठेवण्यावाचून इलाज नाही. वहिनींनी अशी एक संस्था पाहिली होती. त्या म्हणाल्या होत्या, "तिथे वळवत नाहीत. तिथे झाकतात."

त्यावर काट्याने जो तोडगा काढला तो वेळ मोजणाऱ्यालाच सुचू शकतो.

"ते सरासरी मोजतात ना? मग मीही सरासरीच मोजतो," तो वहिनींना म्हणाला. "एकशेवीसने जायचं, तीस मिनिटांत पट्टा संपतो. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या अलीकडे पूल आहे, त्याच्याखाली अकरा मिनिटं थांबायचं. सरासरी नव्वदच्या आत."

"अहो, मग सुरुवातीपासून नव्वदनेच का नाही जात? पोचायला तेवढाच वेळ."

"तेवढाच कसा? आधी मिनिटं हातात येतात, मग उधळायची. सावकाश गेलो तर हातात काय राहतं?"

"डोकं राहतं," वहिनी म्हणाल्या.

पण पुढचे सात रविवार नोटीस आली नाही. काट्याला वाटलं, जिंकलो.

मग मोसमातला शेवटचा रविवार आला. आदल्या दोन दिवसांत वहिनींना ताप होता, आणि दोन तासांचं वळवणं अर्ध्या तासावर आलं होतं. तरी तो निघाला. वहिनींनीच काढला त्याला. सरकारी कागदावर पुढचं असं आहे: पहिला कॅमेरा, सात पंचवीस. दुसरा कॅमेरा, आठ पन्नास. नऊ पाचला वळणावरच्या पोलिसाने हातातलं यंत्र रोखलं, त्यात आकडा आला एकशे एक्केचाळीस.

"कुठे आग लागलीय?" पोलिसाने विचारलं.

"शर्यत आहे, साहेब."

"ती तुम्ही इथेच सुरू केलीत की."

काट्याने आयुष्यात कुणाकडे काडेपेटी मागितली नव्हती. त्याने गाडीतून उतरून त्या पोरसवदा पोलिसापुढे हात जोडले.

"साहेब, हे लिहू नका. माझं लायसन्स गेलं तर घरात एक माणूस कुशीवर वळणार नाही."

पोलिसाने त्याच्या तोंडाचा वास घेतला, पिऊन आला नाही ना बघायला, आणि लिहिलं.

मैदानावर तो पावणेदहाला पोचला. पहिल्या शर्यतीचा निकाल नोंदला गेला नाही, आणि जिंकलेल्या पोराने मनोऱ्याखाली उभं राहून जे उद्गार काढले ते मी लाउडस्पीकर बंद करून ऐकले. घरी वहिनी सव्वानऊपासून पेन्सिल धरून होत्या. फोन आला तेव्हा काट्याने वेळ सांगितली नाही. नुसता म्हणाला, "बारा."

वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली.

त्यानंतर सुनावणीचा कागद येईपर्यंत तीन आठवडे गेले. मी खालीच राहतो, मला पावलं ऐकू येतात. दिवसातून चारदा तो पत्रपेटीपाशी यायचा, रविवारीसुद्धा. रविवारी टपाल येत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाला, "माहीत आहे," आणि पेटी उघडून पाहिली. व्हॅन आता तिशीवर आली. आजोबा म्हणाले, "अरे, आता ढकलतोस का?" काटा हसला नाही. अंगावरचा शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसायला लागला. एकदा जिन्यात त्याने मला विचारलं, "माणसाला वळवायला शिकायला किती दिवस लागतात हो? एखाद्याला शिकवायचं ठरवलं तर?" मी म्हटलं, "बघू." बघू!

सुनावणीला त्याने ताईला नेलं, घरची अडचण खरी आहे हे सांगायला. लाकडी बाक, भिंतीला चिकटवलेल्या सूचना, टेबलावर शिक्क्यांची रांग. अधिकारी जाडजूड, चष्मा कपाळावर. ताईचं म्हणणं त्याने नीट ऐकून घेतलं. मग कागद उलटला.

"अडचण मान्य. कामापुरतं लायसन्स ठेवता येईल. पण मला एक कोडं आहे. साठ किलोमीटर तुम्ही पंच्याऐंशी मिनिटांत गेलात. म्हणजे गोगलगाय. आणि पंधरा मिनिटांनी रॉकेट. मधे झोप लागली होती का?"

काट्याने शिक्क्यांच्या रांगेकडे पाहिलं.

"लागली असेल तर सांगा. मग हा दुसरा फॉर्म. डॉक्टरी तपासणी, आणि पेशंटची गाडी चालवण्याचा परवाना तोपर्यंत बंद. हॉस्पिटललाही आजच कळवावं लागेल."

"नाही," काटा म्हणाला.

"गाडी बिघडली होती?"

"नाही."

"मग चाळीस मिनिटांच्या रस्त्यावर जास्तीची पंचेचाळीस मिनिटं तुम्ही होतात कुठे?"

इथे गप्प बसायचं की नाही? पण समोरच्याने चुकीची वेळ सांगितली आणि तीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"त्रेपन्न, साहेब."

"काय?"

"पंचेचाळीस नाही. पुलाखाली त्रेपन्न मिनिटं होतो."

अधिकाऱ्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. काट्याकडे पाहिलं, मागे बसलेल्या ताईकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते हसू होतं.

"मोजून त्रेपन्न! बायको अंथरुणावर, आणि तुम्ही पुलाखाली घड्याळ लावून?" त्याने आवाज खाली आणला. "कोण आहे?"

काट्याने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही.

"बरं. खासगी कारण," अधिकारी पुटपुटला, तसंच लिहिलं आणि शिक्का मारला. लायसन्स सहा महिने फक्त कामापुरतं, रविवारी गाडीला हात लावायचा नाही.

लायसन्स वाचलं. काटा वळला तेव्हा बाक रिकामा होता. ताई तिथूनच बसने आमच्या गल्लीत आली, आणि वर जाण्याआधी माझ्या दारात थांबली. तिला रडायला कुणीतरी हवं होतं, मला बातमी हवी होती. दोघांचंही काम झालं.

वर ती बहिणीला म्हणाली, "पुलाखाली, गं! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मी आता या घरात पाय ठेवायची नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

तासाभराने काटा आला. त्याचा चेहरा बघून वहिनींनी विचारलं, "काय नाव तिचं?"

तो पलंगाच्या कडेला बसला आणि खरं ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलंच. तुमच्यावर कोण भाळणार? भेटीच्या मधे वेळ सांगाल." मग दोघं हसली आणि मग हसणं थांबलं.

"ताईला सांगते मी."

"नको. ताईच्या पोटात राहत नाही. उद्या हॉस्पिटलला कळेल."

तेव्हा वहिनींनी ते गिळलं. सख्खी बहीण आपल्या नवऱ्याला गावभर बदफैली म्हणते आहे, आणि आपण पडल्या पडल्या गप्प बसायचं. फोन आला की त्या हवापाण्याचं बोलायच्या. शर्यती तर संपल्याच. सहा महिन्यांनी बंदी उठली, पण रविवारी वहिनींपाशी बसायला कोणी नव्हतं आणि मनोऱ्यात दुसरा माणूस आला होता. भिंतीवरचा शेवटचा तक्ता, पहिल्या रकान्यात काही नसलेला, पिवळा पडेपर्यंत तिथेच राहिला.

मला हे वहिनींनी वर्षभराने सांगितलं. मी छत्रीच्या रंगाबद्दल काहीतरी विनोद केला होता, त्यांच्याच खोलीत, एवढा मी निर्लज्ज. त्यांनी ऐकून घेतलं, काटा बाहेर गेल्याची खात्री केली, आणि सगळं सांगितलं. "आता हे तुमच्या पोटात किती दिवस राहतं बघू," असंही म्हणाल्या. त्या आठवड्यापासून माझी बायको दोन रात्री वर झोपायला जाऊ लागली. का जायचं ते मी तिला सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. आमच्या संसारात असं एकदाच घडलं.

वहिनींना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या दिवशी ताई आली, बहिणीच्या पायाशी बसली आणि काट्याशी एक शब्द न बोलता निघून गेली. काटा निवृत्त झालाय. व्हॅन दुसरा कोणी चालवतो. आता कुणाचं काही जात नाही, म्हणून सांगतो.

पुलाखाली बाई नव्हती. तो अकरा मिनिटं थांबायला गेला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून त्रेपन्न मिनिटं झोपला.