पडद्यावरचे पपा

अमेरिकेत आयोवातल्या त्या गावात दुकानं चार आणि चर्चं सात. २००४ मध्ये नर्स म्हणून तिथे आलेल्या प्रमिला उजागरेला सातवं चर्च पटलं. तिचं नगरचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पण लोकांनी येशूची ओळख इतक्या प्रेमाने करून दिली, की 'आमची आधीच भेट झालीय' म्हणायला तिला संकोच वाटला.

एका रविवारी, भारतात दहा दिवस सेवा करून आलेल्या जोडप्याने पडद्यावर फोटो दाखवले.

"या बिचाऱ्यांनी प्रभूचं नावही ऐकलेलं नाही," बाई गहिवरून म्हणाल्या. फोटोत प्रमिलाचे पपा पेटी वाजवत होते.

ती उभी राहिली. "हे माझे वडील. तीस वर्षं उपासनेला पेटी वाजवतात. तुम्हाला जेवायलाही त्यांनीच घातलं असेल."

"हो, मटण फार छान होतं," बाईंचा नवरा खालमानेने पुटपुटला.

शेजारची म्हातारी डोरोथी इतकी खदखदून हसली, की पास्टरांनी घाईने गीत सुरू केलं.

"पुढच्या रविवारीही माझ्याच शेजारी बस," डोरोथी म्हणाली. "इथे करमणूक फार कमी असते."

प्रमिलाने ती जागा पुढे कधी सोडली नाही. जोडपं मात्र पुढच्या वर्षी सेवेसाठी केनियाला गेलं.