बारा रकान्यांचा ब्लोअर

वर्तमानपत्र वाचून झालं की नोटिंगकाका त्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक सही करत आणि खाली तारीख घालत. त्याशिवाय तो अंक रद्दीत जात नसे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "अरे, छत्तीस वर्षं न वाचता सह्या केल्या. आता वाचून करतोय, तर करू दे की."

केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून ते अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहत आणि आम्ही त्याच जिन्याने वर, दुसऱ्या मजल्यावर. नोटिंगकाका हे नाव माझ्या बायकोने ठेवलं, अर्थात त्यांच्यामागे. कारण त्यांचं बोलणंही फाइलवर शेरा मारल्यासारखं असे. आज भाजी कुठली करू, असं काकूंनी विचारलं की ते म्हणत, "मागील संदर्भ पाहून प्रस्ताव सादर करावा." काकू आतूनच सांगत, "मागील संदर्भ दुधी आहे. उरलाय अजून." गेल्या वर्षी दोघं कायमची नाशिकला गेली. तेव्हापासून हे लिहायचं ठरवतोय. माझं ठरणं किती लांबतं, ते पुढे कळेलच.

काकांची एक छोटी पांढरी गाडी होती. सोसायटीतल्या बाकी सगळ्यांच्या गाड्या एक सफाईवाला रोज सकाळी एकाच बादलीत पुसून जाई. काकांच्या गाडीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. दर रविवारी काका स्वतः दोन बादल्या घेऊन उतरत. एक धुण्याची, एक फडकं विसळण्याची. "या दोन फाइली कधी एकत्र करायच्या नाहीत," असं ते मला बजावत. आधी टप, शेवटी चाकं. मग काकूंच्या जुन्या सुती साडीच्या फडक्याने शेवटचा थेंब टिपेपर्यंत पुसणं. "ओली गाडी म्हणजे अर्धवट टिपण. कुणीही त्रुटी काढावी!"

या गाडीचा वर्षातला मोठा प्रवास म्हणजे संक्रांतीला पानिपत, तिसऱ्या लढाईतल्या मराठ्यांच्या काला अंब स्मारकाला. आम्हा तिघांनाही ते मागे कोंबून नेत. वाटेत मुरथलच्या ढाब्यांवरच्या पराठ्यांचा वास यायचा, माझी मुलगी "काका, प्लीज, बस पाच मिनिटं" म्हणायची, पण गाडी थांबत नसे. "आधी नमस्कार, मग नाश्ता. ते उपाशीपोटी लढले, तुला तासभर जमत नाही?" खरं तर भूक तिच्यापेक्षा मला जास्त लागलेली असे.

मग गाडीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायची वेळ आली. त्यानंतर सरकारी नियमाने दिल्लीत ती रस्त्यावर आणता येणार नव्हती. फेब्रुवारीत मुदत संपत होती. नाशिकचा भाचा ती घ्यायला तयार होता आणि काका सगळ्यांना सांगत, "जाईल, पण स्वतःच्या चाकांवर जाईल." पण ऑगस्टमध्ये मेकॅनिकने दारांच्या खालच्या कडा दाखवल्या. आत पाणी राहत होतं, गंज धरू लागला होता. तिथे फडकं पोचत नाही, धुतल्यावर हवा मारा, असं तो म्हणाला. त्यात काकांच्या उजव्या हाताची बोटं सुजू लागली होती. मूठ पूर्ण मिटत नव्हती, फडकं पिळलं जात नव्हतं.

ते वर आले. "तू कंप्युटरमधला. गाडी वाळवायचा एक ब्लोअर निवडून दे. तीन कोटेशनं, एक तुलनात्मक तक्ता, खाली तुझी शिफारस. मुदत पंधरा दिवस."

मला भरून आलं. नोएडाच्या ऑफिसात माझी शिफारस कुणी मागत नाही. मी तीन नव्हे, सतरा ब्लोअर शोधले. हवेचा जोर, हवेचं प्रमाण, आवाज, वजन. पुढे कळलं की धूळ गाळायची जाळी हवी, नाहीतर दिल्लीची धूळच जोराने रंगावर बसते. तोंडाला रबर हवं, नाहीतर ओरखडे. कुणी लिहिलं होतं की गरम हवा हवी, कुणी लिहिलं होतं की गरम हवेने पाण्याचे डाग पडतात. एकाने पाच तारे देऊन 'सोफ्यासाठी उत्तम' असं लिहिलं होतं, त्याचाही मी दोन दिवस विचार केला. तक्ता बारा रकान्यांचा झाला. सप्टेंबर गेला.

"फाइल कुठवर आली?" काका दर रविवारी खालून विचारत.

"बस, अंतिम टप्प्यात आहे, काका."

मी बाल्कनीत चहा घेऊन उभा असे. खाली काका फडकं बॉनेटवर ठेवून मनगटाने दाबत, जेमतेम चार थेंब निघत, मग तेच ओलं फडकं पुन्हा फिरवत. ते बघून मला इतकं वाईट वाटायचं की मी आत जाऊन तक्त्यात आणखी एक दुरुस्ती करायचो.

"अरे यार, घे ना कुठलाही!" बायको वैतागली. "हवाच तर मारायची आहे."

"चुकीचा घेतला तर त्यांच्या गाडीला ओरखडे येतील."

"आणि न घेतला तर?"

तिला तांत्रिक बाजू समजत नाही, असं मी मनाशी म्हटलं. दिवाळी गेली, धुकं आलं.

संक्रांतीनंतर भाचा एका ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आला. त्याने मॅट उचलली, दारांखाली बोट घातलं, तर बोट आरपार गेलं. "मामा, ही नाशिकपर्यंत पोचणार नाही हो," भाचा हळूच म्हणाला. काकांनी मान हलवली. गाडी भंगारात द्यायचं ठरलं.

त्या दिवशी मी खाली जाऊन कबुली दिली. माझ्यामुळे झालं, मी पाच महिने लावले, वगैरे. तयारी करून गेलो होतो, त्यामुळे जरा लांबलंच.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पंधरा वर्षांचा गंज आहे. सगळं श्रेय तू एकट्याने घेऊ नकोस." मग म्हणाले, "आणि निर्णय न घेणं एवढं मनावर घ्यायचं नसतं रे. आमच्याकडे त्याच्यावर लोकांना बढत्या मिळाल्यात."

मला वाटलं होतं, ते रागावतील. त्या आशेवर मी गेलो होतो. वर येऊन मी दहा मिनिटांत ब्लोअर मागवला. कुठला, ते तक्ता न बघताच.

भंगारवाल्यांची क्रेन शनिवारी नऊला येणार होती. सातला खाली पाण्याचा आवाज आला. बघतो तर काका गाडी धूत होते. मी खोका घेऊन तसाच पायजम्यावर धावलो. ब्लोअर बाहेर काढला, तोंडाला रबर बसवलं आणि वायर सोडवली. ती दीड मीटरची निघाली. प्लगपॉइंट चौकीदाराच्या केबिनमध्ये होता, वीस पावलांवर. माझ्या बारा रकान्यांत वायरीची लांबी नव्हती.

काकांनी वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्रुटी निघाली," ते म्हणाले. "ठेव ते खाली. हे टोक धर."

फडक्याचं दुसरं टोक त्यांनी मनगटाला गुंडाळलं. मी पिळलं. पाणी धार धरून पडलं आणि फडकं एका पिळात कोरडं झालं. दोन मजले उतरायचे आणि एक टोक धरायचं, एवढंच काम होतं. पाच महिने मी ते वरून बघत होतो.

आम्ही टप पुसला, काचा पुसल्या, दारं उघडून त्या पोखरलेल्या कडाही पुसल्या. क्रेन आली. ड्रायव्हर उतरला आणि आमच्याकडे बघून हसला. "अंकल, इसको तो परसों काट देंगे. धो क्यों रहे हो?"

काका वाकून दाराची कड टिपत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "काटना तुम्हारा काम है, भैया. भेज तो मैं रहा हूँ ना."

मग मला म्हणाले, "मागचं चाक राहिलंय."

मी गुडघे टेकून खाली बसलो आणि चाक पुसायला घेतलं. क्रेनवाला इंजिन बंद करून थांबला.