देवमनचं पलस्तर

देवमन गेल्यावर चौथ्या दिवशी कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने शोकसभा ठेवली. अध्यक्ष खुशालराव म्हणाले, "उत्तमराव, तुमीच बोला. तुमी त्याले सगळ्यांत जुने ओळखता." उत्तमराव उठले, समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याजवळ सांगण्यासारखं काहीच नाही.

ओळख म्हणावी तर पस्तीस वर्षांची. पण देवमनचं मूळ गाव कोणतं, हातात गवंड्याची थापी पहिल्यांदा कोणी दिली, त्याची बायको मैना कशाने गेली, यातलं उत्तमरावांना काही माहीत नव्हतं. तो चहात साखर घेतो की नाही, हेदेखील ठाऊक नव्हतं, कारण त्याला घरी चहाला कधी बोलावलंच नव्हतं. वयाने देवमन दोन वर्षांनी मोठा. तरी उत्तमराव त्याला शेवटपर्यंत अरे-तुरेच करत आले आणि तो त्यांना साहेब म्हणत आला. "मनमिळाऊ माणूस होता," एवढं बोलून उत्तमराव खाली बसले. जे एक वाक्य बोलायचं होतं ते बोलायची जागा ती नव्हती. त्याची जागा मागे, समुद्राच्या काठी, राहून गेली होती.

दोनच गोष्टी त्यांना पक्क्या माहीत होत्या. देवमन माल कालवायच्या आधी पाणी चाखायचा. पिंपात बोट बुडवायचा, जिभेच्या टोकाला लावायचा, डोळे मिटायचा. मग सांगायचा, "चालते," किंवा "नाई चालत." आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्या शाळेच्या दोन खोल्या.

भातकुली तालुक्यातलं गाव होतं. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. उत्तमराव तेव्हा नवे इंजिनियर, आणि महिना मार्चचा. एकतीस तारखेच्या आत काम पुरं झालं नाही तर निधी परत जाणार. गोड पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा, कधी यायचाच नाही. ठेकेदाराने गावच्या विहिरीवर मोटर बसवली. देवमनने बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकला.

"साहेब, ह्या पान्यात माल नका कालवू. खार भितीतून फुटते. दोन वर्सांत पोपडे येतीन."

"पाणी पाणी असते बे," उत्तमराव म्हणाले. "तू थापी चालव."

देवमनने थापी चालवली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कमरेइतकं प्लॅस्टर फुगलं, पांढरं झालं आणि सुटून वर्गात पडलं. पोरं त्या जागी बोटं घालून भुगा काढायची आणि एकमेकांच्या अंगावर उडवायची. चौकशी आली. उत्तमरावांनी अहवालात पाण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. 'कारागिराने मालात सिमेंट कमी घातले व कामात हयगय केली,' असं लिहिलं आणि सही केली. त्यावर कचेरीत चहा पिताना ते सहज म्हणाले, "दोनच पावसाळे टिकलं तर समजावं, देवमनचं पलस्तर हाय." सगळे हसले.

ती म्हण कचेरीतून गावात गेली आणि गावातून तालुक्यात. कोणाची सोयरीक मोडली की लोक म्हणायचे, देवमनचं पलस्तर. कोणी शब्द फिरवला, की देवमनचं पलस्तर. देवमनला त्या भागात कोणी काम देईना. तो अकोल्याला गेला आणि वीस-बावीस वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबला. मैना मात्र लेकीला घेऊन गावातच राहिली. नळावर बाया तिच्याकडे पाहून हसायच्या. हे सगळं उत्तमरावांना पुढे कधीतरी कळलं, आणि कळलं तेव्हा त्यांनी विषय बदलला.

मग त्याची लेक प्रियदर्शनी शिकली, सरकारी नोकरीत लागली आणि तिने अमरावतीत नेमकं उत्तमरावांच्याच कॉलनीत घर घेतलं. देवमन तिच्याकडे राहायला आला. पहिल्या दिवशी रस्त्यात भेटला तेव्हा त्यानेच आधी हात जोडले. "साहेब, तब्येत बरी हाय न?" मनात काही ठेवलेलं दिसलं नाही. कॉलनीत कुठे बांधकाम निघालं की तो तिथे जाऊन उभा राही, पिंपात बोट घालून पाणी चाखे आणि गवंड्यांना सांगे. तरणे गवंडी हसायचे, पण त्याच्यापुढे पिंप सरकवायचे. म्हणीतला देवमन तो हाच, हे कॉलनीत त्याच्या लेकीखेरीज एकट्या उत्तमरावांना माहीत होतं.

मंडळाची विशाखापट्टणमची सहल निघाली तेव्हा देवमनने नाव दिलं. तिथे टेकडीवर जुन्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत, ते त्याला पाहायचे होते. ते त्याने पाहिले. दोन हजार वर्षांच्या विटांवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बस किनाऱ्यावरच्या उद्यानाकडे निघाली. समुद्राने झिजवलेल्या खडकांसाठी ते उद्यान नावाजलेलं होतं.

बसमध्ये नाश्त्याची पाकिटं वाटली होती. उत्तमरावांच्या पत्नी बेबीताईंनी इडली उचलली. तिचा अर्धा भाग मांडीवर पडला.

"बाप्पा!" बेबीताई म्हणाल्या. "हे इडली व्हय का देवमनचं पलस्तर?"

नवऱ्याच्या तोंडून लग्नापासून ऐकलेली म्हण. ती कोणावर आहे याची त्यांना कल्पना नव्हती. बस हसली. खुशालराव माईक घेऊन म्हणाले, "अरे, आपल्या बसमध्ये बी एक देवमन हाय! पाहा देवमनभाऊ, तुमच्या नावाची काय इज्जत हाय!"

मागच्या बाकावर देवमन उभा राहिला. बस हलत होती, म्हणून त्याने वरचा दांडा धरला. "नावाची नाई जी," तो म्हणाला. "तो म्याच हाय. शाळेचं काम मायंच व्हतं."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग खुशालरावांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे अस्सल माल! लेका, आमी इतके दिवस नक्कल वापरून राह्यलो अन् मालक आमच्याच बसमध्ये!" आता हसू आवरेना. कोणी म्हणालं, देवमनभाऊ, बसच्या भितीले हात लावू नका. कोणी विचारलं, लेकीच्या घराचं पलस्तर कोनं केलं? देवमनही हसला. खाली बसला आणि इडली खाऊ लागला. बेबीताईंनी ओशाळून नवऱ्याकडे पाहिलं. उत्तमराव खिडकीबाहेर नारळाची झाडं पाहत होते. ही म्हण कोणी काढली ते सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती. ते हसलेसुद्धा, अगदी थोडं, बाकीच्यांच्या बरोबरीने.

उद्यानात उतरल्यावर मंडळी नारळपाण्याच्या गाडीकडे गेली. देवमन सरळ खडकांकडे गेला. त्याच्या चालण्यात काहीतरी वेगळं दिसलं म्हणून उत्तमराव मागोमाग गेले.

खडक पाहण्यासारखे होते खरे. एक कमानीसारखा आरपार फुटलेला, एक छत्रीसारखा, खाली बारीक नि वर रुंद. पण बाकीच्या सगळ्यांना भोकं होती. उधईने खाल्लेली चौकट असते तसा दगड खाल्लेला. भोकांच्या कडेने पांढरट पावडर. देवमनने तळवा दगडावर ठेवला, अंगठ्याने घासला. वाळूसारखे कण सुटले. त्याने अंगठा जिभेला लावला आणि डोळे मिटले.

"खार," तो म्हणाला. मग वळला. त्याचा चेहरा असा उजळला होता की उत्तमरावांना तो बघवेना. "साहेब, तीच भित हाय हे. तेच पोपडे, तसाच भुगा. पाहा न, खालून कमरेवरीच खाल्लं, वर साबूत हाय. अन् हा तर दगड हाय, साहेब. ह्याच्यात कोनं सिमेंट कमी टाकलं?"

उत्तमराव खिशातला चष्मा काढून पुसू लागले.

"मैनाले म्या मरेस्तोवर सांगितलं, माल चोख व्हता, पान्यानं घात केला. ती म्हने, मले सांगून का फायदा, शिकल्या मानसाच्या तोंडून आलं पायजे." तो इकडेतिकडे पाहू लागला. पायवाटेच्या कडेला लोखंडी पाटी होती. "तिथं लिवलं असंन, कशानं झालं ते. वाचा न साहेब."

पाटीवर वर तेलुगू, मध्ये इंग्रजी आणि खाली हिंदी होतं. हिंदीचा रंग पोपडे धरून सुटला होता. 'पत्थर' आणि 'कृपया' हे दोनच शब्द उरले होते. ते देवमनने स्वतःच बोट लावून वाचले आणि बाजूला सरला. उत्तमरावांनी चष्मा लावला.

इंग्रजी सोपं होतं. समुद्राचं खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं. पाणी वाळतं, मीठ आत राहतं. मिठाचे खडे वाढतात आणि दगडाला आतून कण-कण फोडतात. शेवटी असंही होतं की दगड कितीही चांगला असला तरी याच्यापुढे टिकत नाही. उत्तमरावांनी ते दोनदा वाचलं.

भीती कशाची नव्हती. ठेकेदार मरून गेला होता, फाइल कधीच रद्दीत गेली असेल, पेन्शन कोणी थांबवणार नव्हतं. मागे लाटांचा आवाज होता आणि जवळ तिसरा माणूस नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की पुढचं वाक्य आपोआप येत होतं. तुला हे माहीत होतं, मला नव्हतं, आणि तू सांगितलं होतंस. ते वाक्य एका गवंड्यासमोर उभं राहून बोलायचं, हे उत्तमरावांच्या घशाखाली उतरेना.

"वारा अन् लाटा," ते म्हणाले. "हजारो वर्षं लाटा आपटून आपटून झिजलं. असंच लिहिलं हाय."

"खाराचं काई नाई?"

"नाही."

"एकडाव बराबर पाहा न, साहेब. बारीक अक्षरात असंन."

"पाहिलं न बे!" उत्तमरावांचा आवाज चढला, आणि चढला म्हणून त्यांना बरं वाटलं. "इंग्रजी मले येते का तुले? अन् दगडाचं नि तुह्या पलस्तराचं काय नातं? हा हजारो वर्षं टिकला. तुह्यं दोन पावसाळे."

देवमनने पुन्हा एकदा पाटीकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाला विचारता आलं असतं; खुशालरावांना इंग्रजी येत होतं. पण इंजिनियरपेक्षा मोठा माणूस देवमनला माहीतच नव्हता, आणि इतक्या वर्षांनंतर साहेब खोटं बोलतील, हे त्याच्या मनात येणं शक्य नव्हतं.

"मंग माह्याच हातात खोट असंन," तो म्हणाला. रागाने नाही; चुकलेला हिशेब शेवटी जुळावा तसं. त्याने अंगठा धोतराला पुसला. "मैनाले उगाच पान्याचं सांगत राह्यलो."

दोघे नारळपाण्याच्या गाडीकडे परतले. खुशालरावांनी विचारलं, "का जी, दगडगोट्यांले पलस्तर करून आले का?" देवमन म्हणाला, "नाई जी. मायं टिकत नाई." यावर सगळ्यांत जास्त हसू आलं.

परतीची रेल्वेगाडी लांबची होती. रायपूर यायच्या आधी सांगू, असं उत्तमरावांनी ठरवलं. रायपूर आलं तेव्हा देवमन झोपला होता. नागपूरला तो जागा होता, समोरच बसला होता, पण बेबीताई डबा सोडत होत्या. त्यांनी देवमनच्या हातावर आधी भाकर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. मले मालूम नव्हतं." देवमन म्हणाला, "खरं ते खरं, ताई. त्यात का वाईट मानाचं?" उत्तमरावांनी लोणच्याची फोड मागितली.

त्यानंतर देवमन दहा दिवस जगला. एका सकाळी उठलाच नाही. शोकसभा संपल्यावर प्रियदर्शनी दाराशी उभी होती. ती उत्तमरावांना म्हणाली, "काका, तिकडे बाबांना काही झालं होतं का? पलीकडे स्लॅबचं काम सुरू आहे. गवंडी हाक मारायचे, या बाबा, पाणी चाखा. बाबा एकदाही गेले नाहीत. म्हणाले, मले त्यातलं कळत नाही." उत्तमराव म्हणाले, प्रवासाचा थकवा असेल. मग चप्पल शोधायला लागले.

ती चप्पल घालताना त्यांना बडनेरा स्टेशन आठवलं. गाडी रात्री उशिरा पोहोचली होती. बाकीची मंडळी रिक्षा ठरवायला पुढे गेली आणि ते दोघे सामानापाशी थांबले होते. उत्तमरावांनी फलाटावरच्या नळावर बाटली भरून आणली आणि देवमनपुढे धरली. देवमनने ती घेतली. सवयीने त्याचं बोट बाटलीच्या तोंडापाशी गेलं, तिथे थांबलं आणि मागे आलं.

"गोड हाय का, साहेब?" त्याने विचारलं.

"हाय," उत्तमराव म्हणाले. "पी."