पहिल्या ओळीतलं नाव

बायोडाट्याच्या पहिल्या ओळीत उमेदवाराचं नाव नव्हतं. त्याच्या उस्तादाचं होतं.

"गफूर उस्ताद, जालना. रोलिंगच्या लाइनीत तीस वर्षे. टोर सळईचे नामांकित मिस्त्री." त्यानंतर उस्तादांनी किती मिल चालू करून दिल्या, कुठली साइज जालन्यात पहिल्यांदा काढली, असा अर्धं पान मजकूर. आणि अगदी तळाशी, कागद उरला म्हणून टाकल्यासारखी एक ओळ: "वरील उस्तादांच्या हाताखाली अकरा वर्षे आहे. प्रल्हाद, रा. आष्टी, ता. परतूर."

शेठनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, माणूस पसंत हे. ह्या गफूरलाच बोलवा."

"अर्ज त्यांचा नाही, शेठ. खाली नाव आहे त्याचा आहे."

"मंग त्यानं स्वतःचं काय लिहिलं?"

"गाव."

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. जालन्याच्या एमआयडीसीत एका नव्या रोलिंग मिलमध्ये मी पर्सोनेल ऑफिसर होते. आता या कामाला एचआर म्हणतात आणि फिरती खुर्ची देतात. तेव्हा लोखंडी खुर्ची होती आणि सगळे मला नुसतं 'मॅडम' म्हणत, कारण एमआयडीसीच्या त्या गल्लीत दुसरी मॅडमच नव्हती.

आम्हाला फोरमन हवा होता. रोलिंग मिलचा फोरमन म्हणजे काय ते थोडं सांगते. लोखंडाचे जाड ठोकळे भट्टीत लाल करायचे आणि फिरत्या रोलांच्या जोड्यांमधून एकापाठोपाठ एक काढायचे. पुढच्या प्रत्येक जोडीतली फट आधीपेक्षा बारीक. शेवटी बाहेर पडते ती आपल्या स्लॅबमध्ये जाणारी सळई. बारा एमएमची सळई थांबवून दहाची काढायची तर रोल बदलून फट नव्यानं बसवावी लागते. याला 'साइज बदलणं' म्हणतात. फट जराशी चुकली तर माल जाड किंवा बारीक निघतो. जास्त चुकली तर लालभडक सळई वाट सोडून शेडभर उसळते, आणि पुढ्यात माणूस असेल तर बघायला नको. याला 'मिसरोल' म्हणतात. तर, साइज कोण बदलतो यावर सगळी मिल उभी असते.

बायोडाट्यांची मला सवय होती. कचेरीसमोरच्या टायपिस्टकडं एकच नमुना असायचा, लग्नालाही तोच आणि नोकरीलाही तोच. त्यामुळे वर्ण गव्हाळ असलेले फिटर आणि मामांचं गाव कळवणारे इलेक्ट्रिशियन मी ढिगानं पाहिले होते. पण स्वतःलाच वगळून टाकलेला बायोडाटा पहिल्यांदाच हातात आला. कुतूहल म्हणून मी प्रल्हादला बोलावलं.

तो आला. पस्तिशीचा, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, इस्त्रीचा शर्ट. खुर्चीच्या कडेवर बसला.

"बारावरून दहावर यायला किती वेळ लागतो?"

"उस्ताद दीड तासात आणतात."

"मिसरोल झाला तर आधी काय बघायचं?"

"उस्ताद आधी गाइड बघतात." गाइड म्हणजे सळईला रोलात नीट शिरायला लावणारा लोखंडी तुकडा.

"आणि तुम्ही?"

"मी हाताखाली असतो."

माझा स्वभाव काही गरीब गाईचा नाही. म्हटलं, "प्रल्हाद, मी मुलाखत तुमची घेतेय का उस्तादांची?"

तो खाली बघत म्हणाला, "आमच्या लाइनीत मीपणा करत न्हाईत, मॅडम."

बोलत होता उस्तादांबद्दल, पण त्याचा अंगठा आणि तर्जनी हवेत फट बसवत होती. एवढीशी कमी, एवढीशी जास्त. शिपायाची बोटं अशी चालत नाहीत आणि नुसत्या हेल्परचीही नाहीत. मी त्याला कोरा कागद दिला. "घरी जाऊन पुन्हा लिहा. पहिलं नाव तुमचं. मग जे काम तुम्ही स्वतः केलंत तेवढंच. कोणाकडं शिकलात ते शेवटी, एकदाच."

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. नाव, गाव, दहावी पास, आणि 'मदतनीस म्हणून काम करतो'. आधी अंगात दुसऱ्याचा कोट होता, आता शर्टही काढून ठेवला होता.

"मदतनिसाला फोरमन कोण करेल?" मी विचारलं.

"मला फोरमन व्हायचंच हे, मॅडम." पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "पोरगी शाळेत बापाचा धंदा हेल्पर म्हणून सांगती. वय निघून चाललं. आता न्हाई तर मंग कवाच न्हाई."

"मग सरळ सांगा. तुमच्या मिलवर साइज कोण बदलतं?"

तो उठला, दार लोटून आला आणि उभ्यानंच म्हणाला, "मी. दोन वर्षं झाली. उस्तादांना बराबर दिसत न्हाई. सगळी उमर भट्टीपुढं गेली, मोतीबिंदू पिकून गेला. मी साइज बदलतो अन् ते बाजूला उभं राहून मला शिव्या देतात. म्हंजी लांबून बघणाराला वाटावं, तेच करून राह्यले."

"ऑपरेशन का करत नाहीत?"

"ऑपरेशन म्हणलं की रजा आली. रजा घेतली अन् तरी मिल चालली, तर शेठला समजंलच ना कोण चालवून राह्यलं. मी हे कागदावर लिहिलं, तर उस्तादांचं जातं. न्हाई लिहिलं, तर माझं जातं."

मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. उस्तादांनी त्याला अजून कॅलिपर दिलं नव्हतं. कॅलिपर म्हणजे जाडी मोजायचं दोन पायांचं साधन, बाजारात कुठंही मिळतं. पण मिलवाल्यांची रीत अशी, की उस्ताद आपलं स्वतःचं कॅलिपर भर शिफ्टमध्ये, सगळ्यांसमोर शिष्याच्या हातात देतो. त्या दिवसापासून शिष्य मिस्त्री. ते न घेता कुणी मिस्त्री म्हणून मिरवलाच, तर लाल सळई चिमट्यानं धरून रोलात घालणारे चिमटेवाले जागचे हलत नाहीत. कामगार कायद्याची पुस्तकं माझ्या कपाटात होती, त्यात हे कलम कुठंच नव्हतं. पण शेडमध्ये चालायचं ते हेच.

आता अडचण माझी होती. आमचे शेठ कुणालाही घेण्याआधी जुन्या मालकाला विचारत. त्यासाठी फोनसुद्धा लागत नसे, कारण सगळे मिलवाले संध्याकाळी एकाच ठिकाणी चहाला बसत. सकाळी मी कागदावर खरं लिहिलं असतं, तर दिवेलागणीला ते गफूर उस्तादांच्या मालकाच्या कपात पडलं असतं. शेठना विश्वासात घेऊन सांगावं, तर त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

मला राग आला, आणि तो उस्तादांचा आला. एक माणूस आपली दृष्टी झाकायला दुसऱ्याची उमेद वापरत होता, असं मला वाटलं.

"उस्तादांना विचारलंत?"

"काय इचारू? मी अर्ज केला हेच त्यांना ठाऊक न्हाई."

"मग विचारा. मी लिहीन ते खरंच लिहीन. नको असेल तर अर्ज परत न्या. सोमवारी शेठ दुसऱ्या माणसाला बोलावणार आहेत. त्याच्या आत काय ते तुमचं तुम्ही ठरवा, मी ठरवणार नाही."

तो कागद न घेताच गेला. मला वाटलं, आता काही हा येत नाही.

शनिवारी गेटवरून निरोप आला, कुणी बुजुर्ग भेटायला आलेत. दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ. पांढरी टोपी, एक हात प्रल्हादच्या खांद्यावर. खुर्चीला पाय अडखळला, तसे हातानं चाचपून बसले.

"मी गफूर. कागद वाचा, बाई."

मी पहिला बायोडाटा वाचला. स्वतःचं कौतुक कुणाला नको असतं? उस्तादांची मान हळूहळू ताठ होत गेली. मजकूर संपल्यावर त्यांनी विचारलं, "आन् ह्याचं?"

"शेवटच्या ओळीत आहे."

ते प्रल्हाद उभा असेल अशा अंदाजानं वळले आणि कडाडले, "नौकरी तुझी आन् बरात माझी काढली? अक्कल हे का रे तुला?"

उस्ताद माझ्याकडं वळले. "लिहा, बाई. दोन साल झाले, मिल हा चालवतो. मी नाय चालवत."

"उस्ताद, हे लिहिलं तर तुमच्या शेठच्या कानावर जाईल."

"सांगून आलो. सकाळीच गेल्तो. बोललो, शेठ, मेरे को दिखत नै." त्यांनी टोपी सारखी केली. "शेठ हसले. बोलले, उस्ताद, मेरे को डेढ़ साल से मालूम हे. माल बराबर निघत होता, मंग कायको बोलू?"

हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. "दीड साल, बाई. मी भिंतीला हात न लावता चालत होतो. ठेचा खाल्ल्या, पण हात नाय लावला. शेठला समजू नये म्हणून."

दोन दिवस सांभाळलेला माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. शेवटी मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत प्रल्हादनं उरलेली बातमी दिली. जुन्या शेठनी त्यालाच तिथला फोरमन करायचं कबूल केलं होतं. म्हणजे दोन दिवसांपूर्वी एकही वाट नव्हती, आता दोन झाल्या. "काय करू, मॅडम?"

मला पगार माणसं आत ओढायचा मिळत होता. तरी जे खरं ते सांगितलं. "पद दोन्हीकडं तेच आहे. तिथं मशिनरी ओळखीची, माणसं ओळखीची. इथं सगळं नवं. चुकलात तर सावरायला शेजारी कुणी नसेल. तिथं सोपं जाईल, इथं जास्त शिकाल." शेठनी ऐकलं असतं तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

प्रल्हादनं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "तिथं फोरमन झालो तर उस्तादांच्या जागेवर उभा राह्यलो. उद्या ऑपरेशन करून ते परत आले, तर त्यांना जागा कुठं राह्यली? मी इथं येतो."

"माझी फिकर तू नको करू," उस्ताद गुरकावले, पण चेहरा फिरवून घेतला.

आम्ही तिघांनी मिळून बायोडाटा लिहिला. पाच ओळींचा झाला. पहिल्या ओळीत प्रल्हाद. मग कुठल्या साइज स्वतः बदलतो, मिसरोल झाला तर काय करतो, शिफ्टला किती माणसं सांभाळतो. शेवटी: 'गफूर उस्तादांकडे शिकलो.' शेठनी तो एका दमात वाचला. "हा बराबर हे. पयलेच असा का न्हाई लिहिला?"

"ज्याचा अर्ज, त्याचाच पत्ता शोधायला वेळ लागला," मी म्हटलं.

कामाच्या पहिल्या दिवशी उस्ताद आमच्या शेडमध्ये आले. सगळ्या शिफ्टसमोर त्यांनी खिशातून कॅलिपर काढलं, कपाळाला लावलं आणि प्रल्हादच्या हातात दिलं. प्रल्हाद लहान पोरासारखा रडला, आणि चिमटेवाले दुसरीकडं बघत उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांनी त्याचं ऐकलं. उस्तादांचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि जुन्या मिलनं त्यांना नवी पोरं शिकवायला परत घेतलं. माल चांगला निघत होता ना, मग मालकाला काय हरकत!

मी नोकरी सोडायच्या आदल्या वर्षी शेठनी दुसरी मिल टाकली. पुन्हा फोरमनची जाहिरात. आमच्याच शेडमधल्या एका मुलाचा अर्ज आला, कॉम्प्युटरवर छापलेला, चौकटीबिकटी घातलेला. पहिली ओळ: 'प्रल्हाद उस्ताद, जालना.' त्याचं स्वतःचं नाव तळाशी.

मी प्रल्हादला बोलावून कागद पुढ्यात ठेवला. त्यानं वाचला. मान हळूहळू ताठ झाली, अगदी तशीच. मग शेवटच्या ओळीपाशी आला आणि थांबला.

"हा मुलगा साइज स्वतः बदलतो का?" मी विचारलं.

प्रल्हादचे डोळे चांगले ठणठणीत होते. लपवायला काही कारणच नव्हतं.

"बदलतो," तो म्हणाला. "वर्ष झालं. मीच कुणाला सांगत नव्हतो."

कॅलिपरच्या खिशावर हात ठेवून तो उठला आणि शिफ्ट सुटायच्या आत शेडकडं निघाला. मी तो बायोडाटा पुन्हा टायपिंगला दिला. त्यात भाषेची चूक एकही नव्हती. पण नोकरीभर मला एवढं कळलं, की काही बायोडाटे दुरुस्त करायचे तर ज्यानं ते लिहिले त्याला बोलावून भागत नाही, ज्याचं नाव वर आहे त्याला बोलवावं लागतं.