चुनटेकचे रानआले आणि म्हात्रेबाई

प्रा. शालिनी म्हात्रे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला. उरणजवळच्या महाविद्यालयात मी नुकतीच दाखल झाले होते. वडील मिठागरावर कामाला, आणि घरात विज्ञान शाखेला गेलेली मी पहिलीच. टेबलांवर जास्वंदीची फुले मांडून ठेवली होती. बाईंनी ती बाजूला सारली आणि बाहेर गटाराच्या कडेला जे उगवले असेल ते आणायला सांगितले. मी बारीक निळ्या फुलांचे एक रोपटे उपटून आणले. बाईंनी ते भिंगाखाली धरले, उलटसुलट करून पाहिले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "हे काय आहे मला माहीत नाही. उद्या बघून सांगते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सांगितलेही. शिक्षकांच्या तोंडून 'मला माहीत नाही' असे मी तोवर ऐकले नव्हते, आणि पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावरही फारसे ऐकलेले नाही.

आज बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे आणि त्यांची विद्यार्थिनी व पुढे सहकारी म्हणून मला लेख मागितला आहे. गौरवसमितीतल्या एका ज्येष्ठांनी फोनवर सुचवले, "तेवढा टेकडीचा भाग जरा सौम्य करा. मंगल प्रसंग आहे." मी बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "लिहायचं तर झालं तसं लिही. नाहीतर माझ्या पदव्या छाप आणि मोकळी हो." म्हणून झाले तसे लिहिते आहे.

बाईंचे माहेर खाडीच्या आतल्या अंगाला, भातशेतीच्या गावात. गावामागच्या टेकडीला चुनटेक म्हणत. तिच्या एका बाजूला शिंपल्यांचा चुना धरून घट्ट झालेल्या खडकाचा पट्टा होता. पूर्वी गावकरी तो खणून चुना भाजत, त्यावरून हे नाव पडले. निवृत्तीनंतर बाई पावसाळ्यात तिथे जात आणि सुट्टीच्या दिवशी मला सोबत नेत. अशाच एका श्रावणात त्या खडकाच्या भेगांतून वर आलेले रानआले आम्हाला दिसले. मी सरळ पुढे चालले होते, कारण रानआले कोकणात कुठेही दिसते. बाई मात्र थांबल्या. या जातीचे फूल दांड्यावर येत नाही, मुळाशी, जमिनीलगत येते. ते नीट पाहायला बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर चिखलात पालथ्या पडल्या. फिकट पिवळे फूल, आणि त्याच्या ओठासारख्या पाकळीवर जांभळे ठिपके. उठल्या तेव्हा साडी मातीने भरली होती. म्हणाल्या, "हे आपलं नेहमीचं नाही गं."

नेहमीचे नाही हे सिद्ध करण्यात वर्षे गेली. बाईंनी जुने वाळवलेले नमुने गावोगावच्या संग्रहांत जाऊन पाहिले, आसपासच्या टेकड्या पालथ्या घातल्या. शेवटी ती नवी जात म्हणून मान्य झाली, आणि एकाच टेकडीवर आढळत असल्याने नोंद होतानाच संकटग्रस्त ठरली. काही सुहृदांनी बाईंचे नाव देण्याचा आग्रह धरला. बाईंनी टेकडीचे दिले. आज जगभरच्या नोंदींत चुनटेकचे नाव आहे आणि चुनटेक नाही.

न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरसाठी एका कंपनीला गोदामे बांधायची होती. खाडीकाठच्या दलदलीच्या खाजणात त्यासाठी भराव हवा होता, आणि फोडून माती-दगड काढायला चुनटेक जवळ होती. टेकडीची जमीन गावकऱ्यांच्याच नावावर होती. त्यात बाईंचे चुलत बंधू नामदेवरावही होते. जनसुनावणीला मांडवात सगळे गाव जमले. बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा नामदेवराव जागेवरूनच ओरडले, "ताई, तू पेन्शन खातेस. एका आल्याच्या गड्ड्यासाठी आमच्या पोरांच्या पोटावर पाय देतेस?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत आमचे विद्यार्थीही होते. बाईंनी टाळ्या थांबू दिल्या आणि टेकडीच्या फक्त त्या चुन्याच्या पट्ट्याला हात लावू नये, एवढीच मागणी केली.

मग कंपनीचे सल्लागार उठले. त्यांनी फार नम्रपणे विचारले, "मॅडम, ही वनस्पती टेकडीबाहेर जगू शकते का?"

मी शेजारीच बसले होते. "सांगता येणार नाही" एवढे म्हटले असते तरी भागले असते.

"जगते," बाई म्हणाल्या. "माझ्या अंगणात कुंडीत आहे. पण तिथे बी धरत नाही. तिच्या फुलावर बसणारी माशी माझ्या अंगणात येत नाही. नुसते गड्डे जगवले म्हणजे जात जगली असं होत नाही."

अहवालात पहिली दोन वाक्ये उतरली. पुढची उतरली नाहीत. वनस्पती कुंडीत जगते असे खुद्द तज्ज्ञांचे मत असल्याने ती कंपनीच्या बागेत हलवावी, असा निर्णय झाला.

मांडवातून बाहेर पडताना मी चिडून विचारले, "बाई, कुंडीचं कशाला सांगितलंत?"

"विचारलं ना त्यांनी." थोडे अंतर चालून गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "एक खोटं सापडलं असतं, तर माझं बाकीचं सगळंच खोटं म्हटलं असतं."

मला त्या दिवशी बाईंचा राग आला. खरे सांगायचे तर अजूनही कधीकधी येतो. पण त्यांनी वेगळे उत्तर दिले असते तर त्या म्हात्रेबाई उरल्या नसत्या, हेही मला कळते.

टेकडीला सुरुंग लागत होते त्या दिवसांत माझी आई पनवेलला इस्पितळात होती. बाई रोज तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन येत आणि मला कॉलेजला पिटाळून स्वतः आईजवळ बसत. आईशी त्या घरच्या बोलीत बोलत. एकदा आईने विचारले, "बाय, तुजी टेकरी गेली म्हनं?" "गेली गो," बाई म्हणाल्या, "तू जेव पयले." आणि घास तिच्या तोंडाशी धरला. त्या महिन्यात बाईंच्या तोंडून मी टेकडीविषयी तेवढेच ऐकले.

गोदामाच्या फाटकाशी बाग झाली. त्यात चुनटेकचे आले लावले, पुढे बाईंच्या नावासकट पाटी लावली. दिवाळीनंतर या आल्याची पाने वाळतात आणि गड्डा जमिनीत झोपतो. तेव्हा पाणी घालू नका, हे बाईंनी दोनदा जाऊन सांगितले होते. पण पाहुणे येत, बाग हिरवी दिसायला हवी होती. पाणी चालू राहिले आणि गड्डे कुजले. पुढच्या पावसाळ्यात कंपनीने बाईंचा तिथे सत्कार ठेवला. आम्ही गेलो तर पाटीमागे लाल तुऱ्यांचे, नर्सरीतले शोभेचे आले डुलत होते. बाईंनी गळ्यातला हार काढून हातात घेतला आणि म्हणाल्या, "हे ते झाड नाही. माझ्या नावाची पाटी काढा."

व्यवस्थापक हसले. "मॅडम, आलंच आहे ना!"

पाटी अजून तिथेच आहे. त्या सत्कारात टाळ्या वाजवणारे काहीजण या ग्रंथाच्या गौरवसमितीतही आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही; बाईंचा गौरव करणे सोपे आहे, आणि त्यांचे ऐकणे आपल्यापैकी कुणालाच जमले नाही.

गेल्या भाद्रपदात बाईंनी मला थळच्या बाजूच्या एका टेकडीवर नेले. तिथेही शिंपल्यांचा खडक आहे, असे कुणीतरी त्यांना सांगितले होते. गुडघ्याला पट्टा बांधून, काठी टेकत त्या वर चढल्या. दिवसभर शोधले. खडक होता, आले नव्हते. उतरताना बाई एका दगडावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "समुद्राकडची बाजू राहिली. पुढच्या पावसात ती बघू."

बाईंना उदंड आयुष्य लाभो, असे म्हणण्याचा अधिकार आम्ही बराचसा गमावला आहे. तरी मागते. त्यांचे गुडघे धड राहोत, डोळे असेच राहोत, आणि समुद्राकडची बाजू त्या चढून जाईपर्यंत ती टेकडी कुणाच्या नजरेत न येवो.