पेंटर भाऊजींची सही

माझे धाकटे दीर पाट्या रंगवायचे. बाजारात सगळे त्यांना पेंटर म्हणायचे, मी भाऊजी म्हणायचे. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, काहीच म्हणायची नाही. नुसत्या भुवया वर करायची, आणि भाऊजी चालू भांडण सोडून मुकाट्यानं दळण आणायला निघायचे.

दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या पाट्या. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली नखाएवढी सही, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी मागं वळवून अख्ख्या नावाखालून ओढलेली. मी म्हणायचे, "भाऊजी, दुकानदारापेक्षा तुमचंच नाव जास्त नटलंय." ते म्हणायचे, "वहिनी, तुम्ही अक्षरावर बोलू नका. तुमच्या यादीत साखर लिहिली की घरात साबण येतो."

दर निवडणुकीला नवरा-बायको एकाच रांगेत उभी राहायची आणि एकमेकांचं मत खोडून घरी यायची. ते ह्या बाजूचे, ती त्या बाजूची. "आपण दोघं घरी बसलो असतो तरी निकाल तोच लागला असता," असं ते म्हणायचे. "मग बसा की तुम्ही," असं ती म्हणायची. बसलं मात्र कुणीच नाही कधी.

मग साथ आली. भाऊजी सतरा दिवस दवाखान्यात होते. परत आले ते कापरा हात घेऊनच. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. ब्रश डब्यात वाळून कडक झाले.

त्या वर्षी मतदानाचा नियम बदलला. रांग नको, घरीच मत नोंदवा, पाकिटावर सही करा आणि पोस्टात टाका. दोघांनी जेवणाच्या टेबलावर एकमेकांकडं पाठ करून मतं नोंदवली. बारा दिवसांनी जावेला ताप भरला. आठवड्यात गेली. दवाखान्यातून तिची पिशवी परत आली, ती नाही आली.

त्यानंतर चार दिवसांनी भाऊजींना कार्ड आलं. पाकिटावरची सही कार्यालयातल्या जुन्या सहीशी जुळत नाही, मत बाजूला ठेवलं आहे. बस्स. काय करायचं, कुणाला भेटायचं, काही नाही.

"आणि तिचं?" त्यांनी विचारलं.

मी चौकशी करून आले होते. "तिचं पाकीट बरोबर आहे म्हणतात. मोजणार."

"म्हणजे तिचं राहिलं आणि ते खोडायला मी नाही." ते हसले. "वहिनी, ती वर बसून भुवया उडवत असेल." मग ते हसू कुठं ठेवावं हे त्यांना कळेना.

अशीच मतं गेलेल्या आणखी दहा जणांना घेऊन एक वकीलबाई कोर्टात गेल्या. भाऊजी अकरावे. सुनावणी फोनच्या पडद्यावर होती. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून बसले, खाली घरातला पायजमा. समोरचा वकील म्हणाला, "साथीच्या नावाखाली सही तपासायची नाही म्हटलं, तर उद्या कुणीही कुणाचं मत देईल."

"बरोबर बोलतोय हो तो," भाऊजी माझ्या कानात म्हणाले.

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" मी चिमटा काढला.

न्यायाधीशांनी दोघांचंही ऐकलं. सही तपासायचीच, पण माणसाला बोलावून विचारल्याशिवाय मत टाकून द्यायचं नाही. पाच दिवसांत यावं, अधिकाऱ्यासमोर सही करावी, तीन संधी मिळतील.

निवडणूक कार्यालयाच्या दारावरची पाटी भाऊजींनीच रंगवलेली. कोपऱ्यात शेपटीवाली सही दिमाखात बसलेली. आत अधिकारीबाई, माझ्या लेकीच्या वयाची. भाऊजींनी पिशवीतून एक काठी काढली. पाटी रंगवताना मनगट टेकवतात ती. तिच्यावर मनगट ठेवून, श्वास धरून, त्यांनी सही केली. चार मिनिटं लागली. एक रेघ हलली नाही. मी टाळ्याच वाजवणार होते.

बाईंनी नोंदीतलं जुन्या सहीचं कार्ड पाहिलं, पाकीट पाहिलं. "काका, ही कार्डाशी जुळते, पण पाकिटाशी जुळत नाही. मग पाकिटावर सही कुणी केली?"

भाऊजींचा चेहरा उतरला. पाच दिवस वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांवर गिरवून गिरवून त्यांनी स्वतःलाच खोटं ठरवलं होतं.

"काठी द्या इकडं," मी म्हटलं.

"वहिनी, काठीशिवाय घाण होईल."

"होऊ द्या. साखरेचा साबण झाला तरी चालेल."

त्यांनी काठी माझ्या हातात दिली. पेन कागदाला लागलं आणि हात थरथरायला लागला. अक्षरं एकमेकांवर कलली. शेपटी निम्म्यापर्यंत आली आणि खाली घसरली. त्यांनी मान वर केली नाही.

बाईंनी पाकीट शेजारी ठेवलं. तीच अक्षरं कललेली, शेपटी त्याच जागी घसरलेली. त्यांनी शिक्का मारला. "मत मोजलं जाईल, काका. इथून पुढं नोंदीत हीच सही ठेवते."

"असली पाटी कुणी रंगवून आणली असती, तर मी परत पाठवली असती," भाऊजी म्हणाले.

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. डोळे पुसले. "चला. तिचं एक, माझं एक. फिटंफाट."

"हो," मी म्हटलं.

माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी जाऊ मला फोनवर म्हणाली होती, "ताई, यंदा मी ह्यांच्याच माणसाला मत दिलं. जिवंत परत आले ना, म्हटलं एकदा होऊ दे ह्यांच्या मनासारखं. सांगू नका हं, डोक्यावर बसतील."

भाऊजी गेल्या महिन्यात गेले. चार वर्षं ते फिटंफाट म्हणत राहिले आणि मी हो म्हणत राहिले.